पताका भिंतीपासून ५ मीटरवरच असतात

"घरच्या तलावात मासोळी आणि बाहेरगावी नेली की दगड." खुर्चीत नीट टेकायच्या आधीच मुलीच्या बाबांनी हे वाक्य टाकलं. मुलगी बाहेर बाकावर होती आणि दार नुसतं लोटलेलं होतं, त्यामुळे तिला ऐकू गेलंच असणार.

वय वर्षं अकरा, पोहण्याचा प्रकार बॅकस्ट्रोक, म्हणजे पाठीवर पोहणं. इथे मी तिला मासोळीच म्हणते, दगड म्हणायचं तर काही कारण नाही. वर्षभरात बाहेरगावच्या तीन स्पर्धा झाल्या होत्या. पहिल्या स्पर्धेत ती बाद झाली. दुसऱ्या स्पर्धेत भिंतीवर मनगट आपटलं आणि टायमिंग बिघडलं. तिसऱ्या वेळी आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, सकाळी उलटी झाली, आणि हीट, म्हणजे प्राथमिक फेरी, लागायच्या आधी पोट धरून बसलेल्या लेकीकडे बघून आईने नाव मागे घेतलं. चौथी स्पर्धा दोन महिन्यांवर होती. बाबांनी मोबाइलमधला तक्ता दाखवला. घरचं टायमिंग हिरव्या रंगात, बाहेरचं लाल रंगात. "मॅडम, ताकद आहे, तंत्र आहे, सगळं आहे. फक्त टेन्शन घेते."

हीच तक्रार घेऊन बरेच पालक माझ्याकडे समुपदेशनाला येतात. खेळ बदलतो, वाक्य बदलत नाही. म्हणूनच मीही विचार न करता तेच मानून चालले. दोन सत्रं मी मासोळीला लांब श्वास सोडायला शिकवलं. शर्यतीआधी पोटात का ढवळतं तेही समजावलं. शरीर धावपळीच्या तयारीला लागलं की रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळतं, म्हणून मळमळतं, सारखं लघवीला जावंसं वाटतं. म्हणजे पोट बिघडलेलं नसतं, शरीर जागं झालेलं असतं. तिने सगळं शहाण्यासारखं ऐकून घेतलं. मुलं असं शहाण्यासारखं ऐकायला लागली की मला आता शंका येते, तेव्हा आली नव्हती.

तिसऱ्या सत्रात मी कागद आणि खडू पुढे ठेवले. "तुझा तलाव काढ, मग बाहेरगावचा काढ." घरचा तलाव तिने बाजूने काढलाच नाही, खालून वर बघितल्यासारखा काढला. छत, छताच्या आडव्या तुळया, एक बंद पडलेला दिवा, कोपऱ्यातला ओलीचा डाग. दुसऱ्या कागदावर पाण्याच्या आठ लेन नीट आखल्या आणि वरचा सगळा भाग कोरा सोडला.

"इथे वर काय आहे?"

"काहीच नाही, ताई. तेच तर."

बॅकस्ट्रोकमध्ये पोहणाऱ्याचं तोंड आकाशाकडे असतं आणि भिंत डोक्यामागे. सरळ जायचं ते छताच्या रेषेच्या भरवशावर. भिंत जवळ आली हे मासोळी कशावरून ओळखायची? त्या बंद दिव्याच्या पुढची तुळई डोक्यावर आली की चार हात, मग उलटायचं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, रोज पोहून अंगात भिनलं होतं. बाहेरचा तलाव उघड्यावरचा. डोळ्यांत ऊन, वर नुसतं आभाळ. पहिल्या स्पर्धेत ती फार लवकर पालथी झाली आणि पाय मारत भिंत शोधत राहिली. नियम असा की बॅकस्ट्रोकच्या वळणावर पालथं झाल्यावर हाताची एक सलग ओढ घेऊन न रेंगाळता वळायचं. भिंत शोधत तरंगलं की बाद. दुसऱ्या वेळी तीच चूक नको म्हणून ती उलटलीच नाही, आणि मनगट भिंतीवर आदळलं. तिसऱ्या वेळी पोट दुखलं नसतं तरच नवल.

आईबाबांना विचारून मी तिच्या सरांना फोन केला. ते दोन सेकंद गप्प राहिले, मग म्हणाले, "अहो, पताकांची दोरी आमच्याकडे कायम नसतेच. स्पर्धा असली की लावतो, मग काढून ठेवतो."

तलावावर आडव्या बांधलेल्या त्या रंगीत पताका अनेक पालकांना सजावट वाटतात. मलाही तशाच वाटायच्या. त्या बॅकस्ट्रोकवाल्यांसाठी असतात. तलाव २५ मीटरचा असो नाहीतर ५० मीटरचा, छताखाली असो वा उघड्यावर, स्पर्धेच्या नियमानुसार त्या दोन्ही टोकांच्या भिंतींपासून ५ मीटरवर असतात. बाकी सगळं बदलतं: पाण्याचा वास, उडी मारायच्या ब्लॉकचा उतार, भोंग्याचा आवाज, कपडे बदलायच्या खोलीतली गर्दी. पताका तेवढ्या तिथेच राहतात. मासोळीकडे खुणा होत्या, पण सगळ्या घरी ठेवून यायच्या खुणा होत्या. सोबत नेता येईल अशी एकही नव्हती.

सरांनी त्याच आठवड्यात दोरी लावली आणि काढली नाही. पताका दिसल्यापासून भिंतीला हात लागेपर्यंत किती हात पडतात ते मासोळीने मोजायचं, असं ठरलं. तिचे सहा पडत होते. दमल्यावर कधी सात. मला वाटलं होतं यात मुलांना गंमत वाटणार नाही, म्हणून मी तिला २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकची गोष्ट सांगितली. २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी भरलं. शेवटी शेवटी त्याला जवळपास काही दिसत नव्हतं. तरी तो जिंकला आणि १ मिनिट ५२.०३ सेकंदांचा विश्वविक्रमही केला.

"मग त्याला भिंत कशी दिसली?"

"दिसली नाही. त्याने हात मोजले."

पुढच्या आठवड्यात तिने स्वतःहून गॉगल मुद्दाम सैल लावून पोहून बघितलं. सरांना ते आवडलं नाही, मला आवडलं.

इथवरचं सोपं होतं. पालकांचं काम जास्त अवघड गेलं.

सुरुवात त्या लाल-हिरव्या तक्त्यापासून केली. घरचा तलाव २५ मीटरचा, बाहेरचा ५० चा. १०० मीटरच्या शर्यतीत घरी तीन वळणं येतात, तिथे एकच. प्रत्येक वळणावर भिंतीला रेटा देऊन मिळणारा वेग हा पोहण्याच्या वेगापेक्षा जास्त असतो, म्हणून लहान तलावातलं टायमिंग चांगलंच येतं. या वयात १०० मीटरला दोन-तीन सेकंदांचा फरक सहज पडतो. जागतिक विक्रमसुद्धा दोन्ही लांबींसाठी वेगवेगळे धरतात. २५ मीटरचे १९९१ पासून. बाबा हिशेबी माणूस. त्यांनी मोबाइल खिशात ठेवला, पुन्हा काढला आणि म्हणाले, "म्हणजे ही लाल रकान्यातली निम्मी घसरण घसरण नव्हतीच?" नव्हती. पण वर्षभर मुलीने ती घसरण म्हणूनच ऐकली होती, तीही बहुतेक परतीच्या प्रवासात, गाडीतून उतरायची सोय नसताना.

मग मी मासोळीला त्यांच्यासमोर एकच प्रश्न विचारला. स्पर्धेला आईबाबांनी कुठे बसावं? तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग पायांकडे.

"बाबा चालतील कुठेही. आई मला दिसली नाही पाहिजे."

आईचा चेहरा उतरला. ती बोलली ते मुलगी बाहेर गेल्यावर. "दोन दिवसांची रजा टाकते, पहाटे उठून सगळं करते, आणि मी दिसायचंही नाही?" डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता. दोन्ही रास्त होतं. मी लगेच समजूत काढायला गेले नाही.

थोड्या वेळाने विचारलं, रोजच्या सरावाला तुम्ही काठावर असता का? नाही, दोघंही कामावर असतात, मुलगी आजीबरोबर जाते आणि आजी बाहेर बाकावर बसते. घरच्या तलावातल्या स्पर्धांना? त्या शनिवारी सकाळी होतात, दोघांपैकी एक जेमतेम शेवटी पोचतो. म्हणजे आई आणि बाबा दोघंही शेजारी बसून, हातात काही काम नसताना, एकटक आपल्याकडे बघताहेत हे दृश्य त्या मुलीला फक्त बाहेरगावीच दिसत होतं. शर्यतीसाठी पाण्यात उतरण्याआधी ती गॅलरीत बघायची. वर छत नाही, पताकांचं काही माहीत नाही, मग ओळखीची खूण उरली एकच: आईचा चेहरा. आणि तो चेहरा पहिल्या स्पर्धेनंतर काळजीने आवळलेला. आईचा यात दोष नाही. भीती लपवायचा तिने प्रयत्न केला असणारच. पण आईच्या चेहऱ्यावरचं वाचायला मुलं शाळेत जाण्याच्या कितीतरी आधी शिकलेली असतात.

"एवढ्या लांब आलोय" हे वाक्य घरातून हद्दपार करायचं, असंही ठरवलं. पोह, काही टेन्शन घेऊ नकोस, एवढ्या लांब आलोय. तुम्हाला वाटतं धीर दिला. मूल ऐकतं की रजा, गाडी, मुक्काम या सगळ्याची फेड आता त्या दीड मिनिटात करायची आहे. बाबांनी विचारलं, मग काय म्हणायचं? काही नाही म्हटलं तरी चालतं, असं मी म्हणाले. ते त्यांना पटलं नाही. शेवटी तडजोड म्हणून एक प्रश्न ठरला, "पताकांपासून किती पडले?", आणि तोही तिने बोलायला सुरुवात केल्यावरच.

झोपेचं मात्र मी दोघांनाही निक्षून सांगितलं. नव्या जागी पहिल्या रात्री झोप उथळ लागते, हे झोपेच्या अभ्यासकांनी १९६६ मध्येच नोंदवलं आहे. २०१६ मध्ये तर असं दिसलं की पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा सावध झोपतो, पहाऱ्यावर असल्यासारखा. तेव्हा रात्री अकरा वाजता "झोप बाई, उद्या पोहायचंय" म्हणून काही होत नाही, उलट झोप हीसुद्धा एक शर्यत होते. घरातल्या आधीच्या दोन-तीन रात्री नीट झोपवा आणि त्या रात्रीचं ओझं काढून टाका. दिवे मालवून नुसतं पडून राहिली तरी पुरे.

सामानाची पिशवी मासोळीनेच भरायची: दोन गॉगल, दोन टोप्या, दोन टॉवेल, अंगावर चढवायला उबदार कपडे. मुलांच्या अंगातली ऊब मोठ्यांपेक्षा लवकर जाते, आणि दिवसभराच्या स्पर्धेत मूल पाण्यात असतं मोजकी मिनिटं. बाकीचे तास ओल्या कपड्यांत आपलं नाव कधी पुकारतात याची वाट बघत काढायचे असतात. म्हणून सरांनी दोन रविवार खोट्या स्पर्धा घेतल्या. त्यातली खरी शिकवणी वाट बघण्याची होती. पोहून बाहेर या, कोरडे व्हा, पाऊण तास बसा, मग अचानक नाव पुकारणार. पहिल्या रविवारी तीन मुलं रडकुंडीला आली. त्यांच्यात मासोळी नव्हती, आणि हे तिने मला दोनदा सांगितलं.

चौथ्या स्पर्धेला ते आदल्या दुपारीच पोचले. वॉर्म-अपच्या गर्दीत तिने वेग वगैरे काही बघितला नाही. दोन्ही टोकांना दोन-दोन वळणं घेतली आणि हात मोजले. सहा. सकाळी पोटात ढवळलं, उलटी झाली नाही. टायमिंग घरच्या सर्वोत्तमपेक्षा दोन सेकंदांच्या आसपास जास्त, क्रमांक पाचवा. वळण नियमात बसलं.

आता अशी तक्रार घेऊन कोणी आलं की मी आधी विचारते, तलाव किती मीटरचा? छत आहे का? सरावाला पताका असतात का? मुलाचं पोहणं सहसा कोण बघतं? पालक माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघतात. त्यांना वाटलेलं असतं की मी बालपणाबद्दल विचारेन. भीतीचा प्रश्न नसतोच असं मात्र नाही. स्पर्धेच्या आठवडाभर आधीपासून जेवण-झोप सुटते, रोजच्या सरावालाही मूल नकार देतं, शाळेतही तसंच होतं, तेव्हा पताकांनी भागत नाही आणि थांबून नीट बघावं लागतं. शिवाय कधी कधी मुलाला पोहायचंच नसतं, आणि हे सांगायला त्याला पोटदुखीशिवाय दुसरा मार्ग सापडलेला नसतो. मासोळीचं तसं नव्हतं, हे मी तिला विचारून घेतलं होतं. तिने माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.

त्या दिवशी आई ठरल्याप्रमाणे गॅलरीत खांबामागे बसली होती. शर्यत संपल्यावर मासोळी पाण्यातून वर आली, गॉगल कपाळावर सरकवला आणि गॅलरीच्या सगळ्या रांगा शोधत राहिली. आई धावत खाली आली तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, "तू होतीस कुठे?"

पुढच्या वेळी आईने कुठे बसायचं, यावर अजून त्यांच्या घरी एकमत झालेलं नाही.