लेसिकनंतरची दोन वर्षे कुठून मोजायची?

नाशिकच्या इंदिरानगरहून एका वाचकांनी कळवले आहे की चार वर्षांपूर्वी मुंबईत लेसिक (लेझरने चष्म्याचा नंबर घालवण्याचे ऑपरेशन) केले, चष्मा गेला. तीन वर्षांपासून रात्री द्वारका चौकात समोरच्या गाड्यांच्या दिव्यांभोवती वलये दिसतात, नंबर परत वाढतोय. गेल्या वर्षी दुसऱ्या डॉक्टरांनी पेंटाकॅम (कॉर्नियाचा नकाशा काढणारी तपासणी) काढून एक्टेशिया सांगितला, म्हणजे कॉर्निया, डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, पातळ होऊन पुढे येतोय. केस होईल का? अशी पत्रे बरीच येतात.

उपचार ही सेवा आहे, ग्राहक आयोगात जाता येते, हे पुन्हा सांगत नाही. सगळे अडलेय तारखेवर. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम ६९ नुसार तक्रार दोन वर्षांत दाखल व्हावी लागते. ऑपरेशनपासून मोजले तर तुमची मुदत कधीच संपली. मात्र त्रास उशिरा उघड होणारा असेल, तर तो कळला किंवा वाजवी काळजी घेतल्यास कळला असता, तिथून मुदत धरतात. डॉ. श्रीखंडे या सर्जनविरुद्ध एका महिला रुग्णाने केलेल्या तक्रारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हेच म्हटले. तरीही त्या बाईंची तक्रार टिकली नाही, कारण ऑपरेशननंतर पोट दुखत असताना नऊ वर्षे त्या गोळ्या घेत राहिल्या, सर्जनकडे गेल्या नाहीत.

तुम्ही स्वतःच लिहिलेय की वलये तीन वर्षांपासून दिसतात. समोरचा वकील हेच वाक्य धरणार. यावर उत्तर एकच: तुम्ही तेव्हा त्याच हॉस्पिटलात गेला होतात आणि ‘डोळे कोरडे पडलेत, थेंब टाका’ असे सांगून तुम्हाला परत पाठवले गेले. त्या भेटीचा केसपेपर कुठे आहे? ‘घर बदलताना गेला असेल’ हे वाचून खरोखर वाईट वाटले. डोळ्यांचे कागद कोणी असे टाकतात का? डॉक्टरांवर रेकॉर्ड जपायचे बंधन तीन वर्षांचेच असते. तरी आजच लेखी मागा, असेल तर ७२ तासांत द्यायला हवे. ऑपरेशनआधीचा पेंटाकॅम आणि सही केलेले संमतीपत्रही मागा.

निष्काळजीपणा सिद्ध होईलच असे म्हणत नाही. नीट तपासून केलेल्या ऑपरेशननंतरही क्वचित एक्टेशिया होतो. आधीच्या नकाशात धोका दिसत होता का, हे नेत्रतज्ज्ञच लेखी सांगू शकतील.

आणि ‘नोटीस पाठवलीय, उत्तराची वाट पाहतोय’ हे थांबवा. नोटिशीने मुदत थांबत नाही. तुम्ही राहता तिथे, नाशिकच्या जिल्हा आयोगातच तक्रार करता येते. पेंटाकॅमच्या तारखेपासून दोन वर्षे व्हायच्या आत ती दाखल करा, आणि आयोगाने मुदत वलये दिसू लागली तिथून मोजली तर म्हणून सोबत विलंब माफीचा अर्जही जोडा.