आयुष्यभर आवडत आलेला भारतीय गोड पदार्थ कोणता? वय वाढलं की ही आवड कमी होते का?

प्रश्न आधी बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "गोड आवडतं का, असं नाही विचारलेलं. कोणतं, ते विचारलंय. जमेल का तुम्हाला?"

अवघड आहे खरं. वय ५८, जन्म सातारा जिल्ह्यातल्या खेड्यात, म्हणजे कंदी पेढ्याच्या मुलखात. नोकरी फिरतीची, त्यामुळे धारवाडचा पेढा, बेळगावचा कुंदा, नागपूरची संत्रा बर्फी, गोव्याची बेबिंका हे सगळं त्या त्या गावी जाऊन खाल्लंय. तरी एकच नाव घ्यायचं तर खरवस.

आमच्या आळीत कुणाची म्हैस व्याली की सकाळी तांब्याभर चीक घरी यायचा. चीक कुणी विकत नसे, त्यामुळे पैसे देऊन मागायची सोयच नव्हती. आई तांब्या हातात घेण्याआधी विचारायची, "रेडकाला पोटभर पाजलंत ना?" मग तांब्या जरासा कलता करून बघायची. पहिल्या दिवसाचा चीक पिवळसर आणि इतका दाट, की तो सावकाश, दोरीसारखा खाली उतरतो. त्या दाटपणावर ती दूध किती घालायचं ते ठरवायची. माप कधी घेतलेलं बघितलं नाही. गूळ चिरून गार चिकातच हाताने विरघळवायचा. विस्तवावर ठेवून विरघळवायला गेलं की चीक तिथंच साकळतो. मग फडक्यातून गाळायचा, वेलदोडा घालायचा, वरून जायफळ किसायचं आणि डबा पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात ठेवायचा. पातेल्याच्या झाकणावर खलबत्ता ठेवलेला असायचा, वाफ पळू नये म्हणून. आम्ही भावंडं त्या खलबत्त्याकडे बघत बसायचो. वीसेक मिनिटांनी सुरीचं टोक खुपसून बघायचं, कोरडं आलं की झालं. जास्त वेळ राहिला तर जाळी पडते आणि पाणी सुटतं.

वासराला रोगांपासून वाचवणारी प्रथिनं चिकात ठासून भरलेली असतात. तीच उष्णतेनं आळतात, म्हणून खरवसाला घट्ट करायला दुसरं काही लागत नाही. शहरात बाराही महिने मिळणाऱ्या खरवसात बऱ्याचदा चायना ग्रास (समुद्री शेवाळापासून केलेला, घट्टपणा आणणारा पदार्थ) असतं. तेही मी खातो, नाव ठेवायची माझी लायकी नाही! पण खरी वडी दाताखाली बारीकशी करकरते, ती करकर त्यात नसते.

हो, आणि तांब्या रिकामा परत जायचा नाही. ज्यांचा चीक, त्यांच्याच घरी त्याच्या चार वड्या वाटीत घालून द्यायला मला पाठवायचे. वाटेत चारच्या तीन झाल्याचं एकदा उघडकीला आलंय.

पुढं लक्षात आलं, की मला जीव लावणारे पदार्थ सगळे याच जातीचे आहेत. मनात आलं आणि आणलं, असं त्यांच्या बाबतीत होत नाही. अनारसे घ्या. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचं, मग सावलीत निथळवून दमट असतानाच कुटायचे, गूळ घालून गोळा करायचा आणि तो पुन्हा चार-सहा दिवस डब्यात मुरू द्यायचा. एवढं करून तुपात सोडला की अनारसा हसतो! हसतो म्हणजे विरघळून कढईभर पसरतो. अधिक महिन्यात जावयाला ३३ अनारशांचं वाण देतात. २०२३च्या अधिक श्रावणात सासूबाईंचे पहिले सहा अनारसे असेच हसले. त्या रडकुंडीला आल्या, मग गोळ्यात थोडी तांदळाची पिठी मळली आणि पुढचे जाळीदार उतरले. वाणाचे ३३ मला मिळाले. पण कढईच्या तळाशी राहिलेला तो खसखशीचा कुरकुरीत, तुपकट चुरा मी चमच्यानं खरवडून खाल्ला, आणि खरं सांगतो, तोच जास्त आवडला.

कोलकात्याला पहिल्यांदा गेलो तो जुलैत. नोलेन गुडाचा संदेश मागितला तर दुकानदार हसला (अनारशासारखा नव्हे) आणि म्हणाला, थंडीत या. आपल्याकडे शिंदीच्या ज्या रसाची नीरा पितात, तोच रस तिकडे हिवाळ्यात आटवून हा गूळ करतात. जानेवारीचा दौरा मी मागून घेतला. कंपनीला कारण वेगळं सांगितलं होतं. त्या संदेशाला किंचित धुराचा वास असतो. रसगुल्ल्यावरून बंगाल आणि ओडिशात केवढं वाजलं होतं! शेवटी भौगोलिक मानांकन दोघांनाही मिळालं, बंगालला २०१७ मध्ये आणि ओडिशाला २०१९ मध्ये. मी दोन्हीकडचे खाल्लेत. ओडिशाचा तपकिरी आणि मऊ, बंगालचा पांढरा आणि लवचिक. भांडण्यासारखं मला तरी काही सापडलं नाही.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. आवड कमी झालेली नाही. रक्तातली साखर मात्र काठावर आहे, त्यामुळे डॉक्टरांनी माप घालून दिलंय. श्रीखंडाच्या वाटीतून मी मुकाट्याने दोन चमच्यांवर आलो. जिलबी आणि गुलाबजाम सोडले, फारसं जड गेलं नाही.

गेल्या महिन्यात आमच्या दूधवाल्याने न सांगता लिटरची बाटली भरून चीक आणून दिला. तुम्हालाही कधी मिळाला तर आधी कितव्या दिवसाचा ते विचारा. पहिल्या दिवसाचा असेल तर दुप्पट दूध चालतं, दुसऱ्या दिवसाच्याला बरोबरीचंही जास्त होतं. अंदाज येत नसेल तर आधी वाटीभर मिश्रण उकडून बघा. ते आळलं नाही तर उरलेल्यात आणखी चीक घाला, आणि कुकर वापरणार असाल तर शिटी काढून ठेवा.