मुलगा हुशार आहे, फाइल मात्र पूर्ण होत नाही

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझा मुलगा १९ वर्षांचा असून पुण्यात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि हॉस्टेलवर राहतो. नववीत त्याला डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातील अडचण) असल्याचे निदान झाले होते व त्या प्रमाणपत्रावर दहावीला जादा वेळ मिळाला होता. यंदा मानसोपचारतज्ज्ञांनी एडीएचडीही (लक्ष टिकवण्यातील अडचण) असल्याचे सांगून औषध सुरू केले आहे. विषय त्याला समजतात, ओरलला तो चांगली उत्तरे देतो. पण असाइनमेंट आणि फाइली वेळेत होत नाहीत, टर्मवर्कचे गुण जातात, आणि मागच्या सत्रात दोन विषय राहिले. एका कंपनीने वर्षभराच्या ‘डिजिटल कोचिंग’चे पॅकेज सुचवले आहे. त्यात फोनवर ॲप, आठवड्याला एक व्हिडिओ कॉल आणि पालकांना रोजचा अहवाल असतो. हे घ्यावे का, की मोफत ॲपवर भागेल?
– एक आई, सातारा

उत्तर : वर्षाचे पैसे एकरकमी भरू नका, आणि पालकांना रोज अहवाल जाणार असेल तर ते पॅकेज अजिबात घेऊ नका. तुमचा मुलगा सज्ञान आहे. ज्या ॲपवर आपण आज किती वेळ बसलो हे आईला कळते, ते ॲप तो आठवडाभरात उघडेनासा होईल किंवा उघडून नुसते ठेवून देईल; मग तुमच्याकडे अहवाल येत राहील आणि फाइल होती तिथेच राहील.

कोचिंगची कल्पना मुळात वाईट नाही. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात फ्रान्सेस प्रीव्हॅट यांनी एडीएचडी असलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांबरोबर आठ आठवड्यांच्या कोचिंगचे काम केले आणि त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. दर आठवड्याला भेट, पुढच्या भेटीपर्यंत करायची दोन-तीन नेमकी कामे आणि ती झाली की नाही याची विचारपूस, एवढाच त्याचा गाभा होता; विद्यार्थ्यांच्या अभ्यासाच्या पद्धतीत आणि आत्मविश्वासात त्याने सुधारणा दिसली. म्हणजे उपयोगी पडले ते समोरचे माणूस. ॲप हे त्या माणसापर्यंत पोहोचण्याचे साधन झाले. म्हणून कंपनीला एवढेच विचारा, की आठवड्याच्या कॉलवर दर वेळी तीच व्यक्ती असेल का आणि तिचे शिक्षण काय. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा विशेष शिक्षक यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. स्वतःला कोच म्हणवून घ्यायला मात्र अशी कोणतीही नोंदणी लागत नाही.

त्याआधी, फाइल नेमकी कुठे अडते हे मुलाला शांतपणे विचारा, कारण साधन त्यावरून ठरते. वाचताना अडत असेल तर वर्डमधली मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय पुरते. डोक्यात असलेले कागदावर उतरत नसेल तर गूगल डॉक्समध्ये बोलून लिहिता येते, आणि तेही मराठीत. पण एडीएचडीत बहुधा सुरुवातच होत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका विद्यार्थ्याने गॉब्लिन टूल्स या कामाच्या पायऱ्या पाडून देणाऱ्या संकेतस्थळावर ‘जर्नल (प्रात्यक्षिकांची वही) पूर्ण करणे’ असे इंग्रजीत लिहिले. तिथे कामाच्या पुढे मिरच्या असतात आणि जितक्या मिरच्या जास्त, तितक्या बारीक पायऱ्या पाडून मिळतात. त्याने उत्साहाने सगळ्या मिरच्या लावल्या, ती लांबलचक यादी पाहिली आणि लॅपटॉप मिटला. पुढच्या वेळी आम्ही दोनच मिरच्या लावल्या आणि आलेल्या यादीतली फक्त पहिली ओळ, म्हणजे मित्राच्या जर्नलमधल्या अनुक्रमणिकेचा फोटो मागवणे, त्याने माझ्यासमोर बसून केली. त्या दिवशी तेवढेच झाले, पण पंधरा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी झाले.

दुसऱ्या कुणाच्या सोबतीने बसल्यावर काम होते, हा अनुभव पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये बसणाऱ्या कुणालाही समजावून सांगावा लागणार नाही. फोकसमेट ही सेवा हेच पडद्यावर करते : २५, ५० किंवा ७५ मिनिटांची बैठक ठरवायची, अनोळखी माणसाला आपण काय करणार ते सांगायचे आणि कॅमेरा चालू ठेवून आपापले काम करायचे. मुलाला अनोळखी माणूस नको असेल तर हॉस्टेलमधल्या मित्राशी ठरवलेली रात्री नऊची वेळ तेच काम फुकटात करेल. एका वेळी एकच साधन घ्यावे. पाच ॲप उतरवून त्यांची मांडणी करत बसणे हाही काम टाळण्याचा एक प्रकार असतो, आणि ही मुले त्यात तरबेज असतात.

आता ज्याकडे कंपनीची माहितीपत्रके वळत नाहीत त्या कागदाविषयी. पुष्कळ महाविद्यालये जर्नल हातानेच लिहून मागतात. तिथे बोलून लिहिण्याच्या सोयीचा उपयोग काय? टंकलिखित जर्नल चालावे, परीक्षेत जादा वेळ मिळावा, यासाठी परवानगी लागते आणि परवानगीसाठी प्रमाणपत्र. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या २१ प्रकारांत एडीएचडीचे नाव नाही, पण विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे आणि डिस्लेक्सिया तिच्यातच मोडतो; तेव्हा वाट जुन्या डिस्लेक्सियाच्या निदानावरूनच काढावी लागेल. २०१८ च्या अधिसूचनेनुसार ही तपासणी १४ आणि १८ व्या वर्षी पुन्हा करायची होती आणि १८ व्या वर्षीचे प्रमाणपत्र कायमचे धरले जात होते; २०२४ मध्ये तिच्या जागी नवी अधिसूचना आली आहे, त्यामुळे नववीतल्या कागदावर विसंबू नका. सरकारी रुग्णालयात नव्याने तपासणी करून घ्या आणि प्राचार्यांकडे लेखी अर्ज करा. दिव्यांगत्वाची टक्केवारी ४० पेक्षा कमी भरली तरी निराश होण्याचे कारण नाही. ठरावीक टक्केवारी नाही एवढ्यावरून लेखनिक नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. अर्ज मुलाच्या सहीने जाऊ द्या. टपालाचे काम मात्र तुम्ही केलेत तरी चालेल.

प्रश्न : मी ऑटिस्टिक असून इंग्लंडमध्ये एमएस्सी करत आहे. इथल्या वर्गमैत्रिणीला सरकारकडून नोंदी घेण्याचे सॉफ्टवेअर आणि मार्गदर्शक मिळाला. मला मिळेल का?
– एक विद्यार्थिनी, मूळ नाशिक

उत्तर : तिला मिळाला तो बहुधा ‘डिसेबल्ड स्टुडंट्स अलाउन्स’ हा दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीचा सरकारी भत्ता, तो विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना मिळत नाही. पण २०१० च्या समानता कायद्याखाली वाजवी सोयी करून देण्याचे विद्यापीठावर जे बंधन आहे, ते तुमच्याबाबतीतही लागू आहे. विद्यापीठाच्या दिव्यांग सेवा विभागाला निदानाच्या अहवालाचे इंग्रजी भाषांतर जोडून ईमेल करा आणि ‘मदत हवी’ असे मोघम न लिहिता नेमके मागा : व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण करण्याची परवानगी, स्लाइड आदल्या दिवशी, परीक्षेला स्वतंत्र खोली. सॉफ्टवेअर विद्यापीठाने सर्व विद्यार्थ्यांसाठी आधीच घेऊन ठेवलेले असण्याचीही शक्यता असते, म्हणून विकत घेण्यापूर्वी ग्रंथालयात चौकशी करा.