अमेरिकेत न मागता दारात पडणारी यलो पेजेस (व्यवसायांच्या फोन नंबरांची पुस्तकं) कशी थांबवायची?

यलोपेजेसऑप्टआउट डॉट कॉमवर आपला झिपकोड (तिथला पिनकोड) टाका. त्या भागात वाटल्या जाणाऱ्या डिरेक्टऱ्या दिसतील. खातं उघडून प्रत्येकीसमोर प्रतींची संख्या शून्य करा. इथेच बहुतेक जण फसतात: एकाच गल्लीत दोन-तीन प्रकाशक असू शकतात, आणि एकाला नकार दिला म्हणून दुसरा थांबत नाही. पुस्तक आलंच तर मुखपृष्ठावर प्रकाशकाचं नाव बघून त्यालाच थेट कळवा.

वाटपाची यादी आधीच ठरते, त्यामुळे ऐनवेळी नकाराची नोंद केली तर त्या वर्षीची प्रत येतेच. नोंद पत्त्यावर असते. घर बदललं की पुन्हा करा, अपार्टमेंटचा नंबरही नीट लिहा.

कायद्यावर फार विसंबू नका. सिएटल शहराने 2010 मध्ये प्रकाशकांवर परवाना, शुल्क आणि नकार-नोंदणी लादली होती. 2012 मध्ये अपील न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर ते मोडीत काढलं.

आलेली प्रत रद्दीत टाकताना प्लास्टिकची पिशवी आणि कव्हरवर चिकटवलेलं मॅग्नेट काढा. पायरीवर भिजून लगदा झालेलं पुस्तक बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत, म्हणून लगेच आत उचला.