कोणतं हरीण घ्यायचं, कोणतं जाऊ द्यायचं

ऑक्टोबर लागला की पेनसिल्व्हेनियाच्या बहुतेक भागांत धनुष्यबाणाचा मोसम सुरू होतो आणि मला येणारी निम्मी पत्रं एकाच प्रश्नाची असतात. म्हणून या वेळचं सदर त्या प्रश्नालाच दिलं आहे. उत्तरं पांढऱ्या शेपटीच्या हरणाबद्दल, म्हणजे व्हाइटटेलबद्दल आहेत. नियम पेनसिल्व्हेनियाचे आहेत, त्यामुळे बाकीच्या राज्यांतल्यांनी आपापल्या राज्याचं नियमपुस्तक उघडून बघावं.

प्रश्न : ताई, यंदा हंटर एज्युकेशनचा कोर्स करून मी पहिलं लायसन्स काढलं. नराचा टॅग (एक हरीण घेण्याच्या परवानगीची चिठ्ठी, ती मारलेल्या हरणाला लावायची असते) त्याच्याबरोबर आला, मादीचा एक वेगळा मिळाला. ऑफिसातले मित्र म्हणतात, पहिलं आलेलं हरीण मारू नकोस, मोठ्या बकची, म्हणजे नराची, वाट बघ. पण मग अख्खा मोसम रिकामा गेला तर? झाडावर बसल्यावर ठरवायचं कसं? (एक वाचक, लँकेस्टर)

उत्तर : झाडावर बसल्यावर ठरवायचं नाही, घरी ठरवून जायचं. बाणाची शिकार जवळची असते. हरीण 20 यार्डांवर आलेलं असतं, त्याच्या पापण्या दिसतात, आणि तुमची छाती इतकी धडधडत असते की त्या क्षणी सुचलेली कुठलीही गोष्ट बरोबरच वाटते. नराला जाऊ द्यायचं असं घरी पक्कं केलं असेल, तर तो समोर आला तरी धनुष्य गुडघ्यावर ठेवून तुम्ही त्याला निवांत बघू शकता.

घरी बसून आधी टॅगचा विचार करा. आपल्याकडे एका लायसन्स वर्षात शिंगांचा नर एकच घेता येतो. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी दीड वर्षाच्या पोरसवदा नराला टॅग लावला, तर नोव्हेंबरमध्ये, मोठे नर दिवसाढवळ्या माद्यांच्या मागे फिरतात तेव्हा, तुम्हाला फक्त बघत बसावं लागेल. ते चालणार असेल तर खुशाल घ्या. कायद्यात बसणारं हरीण घेतल्याबद्दल कुणाकडे सफाई द्यायची गरज नाही. पण माझं मत विचाराल तर पहिल्या मोसमात ऑक्टोबरमध्ये पूर्ण वाढलेली मादी घ्या. तिचा टॅग वेगळा आहे, तिची शिंगं मोजावी लागत नाहीत, आणि एका मादीचं हाडांशिवाय 40 पौंडांच्या आसपास मांस मिळतं. छोट्या कुटुंबाला ते बरेच महिने पुरतं. फ्रीझरमध्ये मांस आलं की ‘काहीच मिळालं नाही तर’ ही धास्ती जाते, आणि ती गेली की नोव्हेंबरमध्ये नराकडे तुम्ही शांतपणे बघता.

नराच्या बाबतीत कायदा शिंगांची टोकं मोजायला सांगतो. 2002 पासून राज्याच्या बहुतेक भागांत प्रौढ शिकाऱ्यासाठी एका बाजूला किमान तीन टोकं लागतात. पश्चिमेकडच्या काही विभागांत भुवईजवळचं टोक सोडून तीन लागतात. तुमची जागा कोणत्या विभागात येते ते नकाशावर आधीच बघून ठेवा. भुवईजवळचं टोक लांबून फांदीत हरवतं. लागतात तेवढी टोकं स्पष्ट मोजता आली नाहीत, तर तो नर तुमच्यासाठी नाही.

मी मात्र शिंगांच्या आधी अंगाकडे बघते. दीड वर्षाच्या नराची शिंगं हाताने झाकली तर खाली मादीच उरते. मान बारीक, पोट आत गेलेलं, पाय अंगाच्या मानाने लांब. साडेतीन वर्षांच्या नराची छाती भरते, माजाच्या दिवसांत मान फुगते, पण मान आणि खांदा कुठे मिळतात ती रेघ दिसत राहते आणि पोट अजून आवळलेलं असतं. साडेचारच्या पुढे मान सरळ छातीत उतरते, पोटाची रेघ खाली येते आणि अंग जड झाल्यामुळे पाय आखूड वाटायला लागतात. मागच्या पायांच्या सांध्यावरचे केस माजात काळेभोर होतात, तेही बघा. शिंगांच्या रुंदीचा अंदाज कानांवरून घ्या. कान टवकारलेले असताना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण 15 ते 16 इंच भरतात.

दीड वर्षाचा नर मी स्वतः घेत नाही. आणखी दोन वर्षं मिळाली तर तो काय होतो, ते एकाच रानात वर्षानुवर्षं बसल्यामुळे मला बघायला मिळालं आहे. हा माझा नियम झाला, तुमच्यावर लादायचा नाही. मित्रांनीही त्यांचा तुमच्यावर लादू नये.

प्रश्न : मादीबरोबर दोन पाडसं असतात. तिला मारलं तर ती मरतील, या विचाराने माझा हात उचलत नाही. (एक वाचक भगिनी, यॉर्क)

उत्तर : तुमचा हात अडतो याचं मला बरं वाटलं. तरीही वस्तुस्थिती सांगते. आपल्याकडे माज नोव्हेंबरच्या मध्यावर भरात असतो, गर्भ साधारण 200 दिवसांचा, म्हणून पाडसं मे अखेर ते जूनमध्ये जन्मतात. सुमारे दहा आठवड्यांत ती दुधावाचून जगू शकतात. ऑक्टोबरमध्ये ती चार महिन्यांची असतात, चरतात, धावतात, आणि आई गेली तरी कळपातल्या मावश्या-बहिणींबरोबर राहतात. आईविना त्या मोसमात ती मरत नाहीत. तरीही मन तयार नसेल तर पाडसं नसलेल्या मादीची वाट बघा. त्यात कमीपणा काहीच नाही.

मला काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. मादी समजून पाडसालाच बाण लागतो, आणि ते बहुतेक वेळा नराचं पाडस असतं, ज्याला इथे ‘बटन बक’ म्हणतात. शिंगं नसल्यामुळे कायद्याने ते मादीच्या टॅगवर चालतं, पण तुम्हाला घ्यायची असते मादी आणि हातात येतं चार महिन्यांचं पोर. नराचं पाडस धीट असतं. कळप झाडीच्या कडेला थबकलेला असताना एकटं पुढे येऊन ओकखाली वेचायला लागतं. एकटं असलं की लहान-मोठं कळत नाही, आणि तिथेच चूक होते.

म्हणून एकटं आलेलं बिनशिंगी हरीण मी लगेच घेत नाही, मागून कोण येतंय ते बघते. मागच्या मोसमात माझ्या व्हाइट ओकखाली (त्याची फळं रेड ओकपेक्षा कमी कडवट, हरणं ती आधी संपवतात) असंच एक आलं. एकटं होतं तोवर ते मला चांगलं थोराड वाटत होतं. दुर्बीण लावली तर थोबाड आखूड, डोळ्यापासून नाकापर्यंतचं अंतर जेमतेम, डोक्याच्या मानाने कान मोठे. त्याने मान खाली घातली तेव्हा दोन कानांमधला माथा सपाट दिसला आणि त्यावर केसांचे दोन उंचवटे. मादीचा माथा तिथे गोलसर असतो. थोड्या वेळाने आई आली आणि तिच्याशेजारी ते एकदम लहान झालं. अंगाचा आकारही बघा. मादी बाजूने लांबट सूटकेससारखी दिसते, पाडस चौकोनी ब्रीफकेससारखं. नुसत्या उंचीवर जाऊ नका. झाडावरून खाली बघताना उंची फसवते.

प्रश्न : ज्यांच्या शेतात मी बसतो ते म्हणतात, स्पाइक म्हणजे एकेरी, फाटे न फुटलेल्या शिंगांचा नर दिसला की मारून टाक, खराब जात निघून जाईल. (एक वाचक, ओहायो)

उत्तर : मांसासाठी हवा असेल आणि तुमच्या राज्याच्या नियमात बसत असेल तर घ्या. जात सुधारण्यासाठी घेऊ नका. दीड वर्षाला एकेरी शिंगं असतात ती बहुधा उशिरा जन्म झाल्यामुळे किंवा खाणं कमी पडल्यामुळे. तोच नर पुढे चांगली शिंगं धरू शकतो. शिवाय निम्मं रक्त आईकडून येतं आणि आईच्या कपाळावर काही लिहिलेलं नसतं. मोकळ्या रानात माणसाने निवडून नर मारल्याने पुढच्या पिढीची शिंगं सुधारत नाहीत. खाणं आणि वय या दोन गोष्टींनी सुधारतात. शेतमालकांना हे नम्रपणे सांगा. जागा त्यांची आहे.

प्रश्न : मावशी, मी तेरा वर्षांची आहे. बाबा म्हणतात, तुला ज्युनियर लायसन्सवर छोटा नरही चालतो. मग मी जे येईल ते मारू का? (एक छोटी वाचक)

उत्तर : बाबांचं बरोबर आहे. तीन टोकांचा नियम तुला लागू नाही. तुझ्यासाठी एका बाजूला दोन टोकं पुरतात, किंवा निदान तीन इंचांचं एकेरी शिंग. टॅग मात्र योग्य तोच हवा. पहिल्या हरणासाठी मी तुला वयाचा काहीच हिशेब सांगणार नाही, पण ते हरीण कसं उभं आहे हे बघायला नक्की सांगणार.

बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही, तो रक्तस्रावाने मारतो. दोन्ही फुप्फुसांतून गेला तर हरीण काही सेकंदांत कोसळतं. म्हणून ते तुला पूर्ण आडवं दिसायला हवं, किंवा तुझ्यापासून थोडं पलीकडे वळलेलं, पुढचा पाय पुढे टाकलेला. तोंड तुझ्याकडे असेल तर खांद्याचं हाड आड येतं. तेव्हा थांब. आणि ज्याने मान वर करून कान तुझ्याकडे रोखलेत, ते घेऊ नकोस. बाण सेकंदाला 280 फूट गेला तरी 20 यार्डांना त्याला जवळपास पाव सेकंद लागतो, आणि दोरीचा आवाज त्याच्या चौपट वेगाने पोचतो. दचकलेलं हरीण उडी मारण्यासाठी आधी खाली बसतं, बाण वरून जातो किंवा पाठीत लागतो, आणि जखमी हरीण शोधत रात्र जाते. चरणारं, शेपूट हलवणारं, निवांत हरीण निवड. कळपात असेल तर त्याच्यामागे दुसरं उभं नाही ना, ते बघ. बाण आरपार जातो.

बाण सोडल्यावर निदान अर्धा तास जागेवरून हलायचं नाही. आणि झाडावर चढताना, बसताना, उतरताना हार्नेस, म्हणजे पडू न देणारा सुरक्षा पट्टा, लावलेला असू दे.

प्रश्न : पुण्याहून आई-बाबा आले आहेत. हरीण मारणं हा गुन्हा नाही का, असं विचारतात. त्यांना काय सांगू? (एक वाचक, फिलाडेल्फिया)

उत्तर : त्यांचं म्हणणं भारतापुरतं अगदी खरं आहे, तसंच सांगा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथे हरणाची शिकार गुन्हा आहे आणि तो तसाच राहावा असं मलाही मनापासून वाटतं. इथली गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेसुमार शिकारीमुळे देशभरात पाच लाखांहून कमी व्हाइटटेल उरली होती. पेनसिल्व्हेनियात बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडली गेली आणि 1907 मध्ये मादीला कायद्याचं संरक्षण मिळालं. हरणांना खाणारे लांडगा आणि डोंगरी सिंह (कूगर) मात्र इथून संपले, ते परतले नाहीत. आता देशात तीन कोटींच्या आसपास व्हाइटटेल आहेत. हरणं फार वाढली की ओकची रोपं गुडघ्याइतकीही होऊ शकत नाहीत. कोणत्या विभागात मादीचे किती टॅग द्यायचे हे राज्याचं गेम कमिशन, म्हणजे शिकारीचे नियम बघणारं सरकारी खातं, दर वर्षी ठरवतं. मी मादी आधी घ्या म्हणते त्यामागे हेही कारण आहे, कारण कळपाची संख्या माद्यांवर ठरते.

आई-बाबांना मांस वाढायचा आग्रह धरू नका. जास्तीचं मांस फूड बँकेला देण्याची सोय आपल्या राज्यात आहे, ते त्यांना दाखवा.

प्रश्न : नाताळानंतरच्या मोसमात मादी घ्यायची आहे. वेगळं काय बघायचं? तसंच आजारी हरीण कसं ओळखायचं? (एक वाचक, गेटिसबर्ग)

उत्तर : त्या दिवसांत काही नरांची शिंगं गळून पडलेली असतात. कायद्याने असं हरीण मादीच्या टॅगवर चालतं, पण तुम्ही ज्याला वर्षभर वाढू दिलंत तोच नर हकनाक जाऊ शकतो. कानांच्या पुढे, जिथे शिंगं होती, तिथे दोन गोल चकत्या किंवा ताजे लालसर व्रण दिसतात. दुर्बिणीने कपाळ बघितल्याशिवाय धनुष्य ओढू नका. एकट्या जाड मानेच्या ‘मादी’वर आधी संशय घ्या.

आजाराचं म्हणाल तर क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे हरणांना झिजवून मारणारा मेंदूचा रोग, राज्यात 2012 मध्ये तुमच्याच ॲडम्स काउंटीत, पाळीव हरणांत, पहिल्यांदा सापडला. लागण झालेलं हरीण बराच काळ धडधाकट दिसतं, त्यामुळे नुसतं बघून निरोगी हरीण निवडता येत नाही. या रोगासाठी राज्याने आखलेल्या नियंत्रण क्षेत्रात शिकार करत असाल तर डोकं तपासणीसाठी ठेवलेल्या पेटीत टाका आणि निकाल येईपर्यंत मांस खाऊ नका. लागण निघाली तर ते खायचंच नाही. मेंदू आणि पाठीचा कणा त्या क्षेत्राबाहेर नेता येत नाही, म्हणून मांस तिथेच सोडवून घ्या. हाडं वर आलेलं, लाळ गाळणारं, माणसाला न बुजणारं हरीण दिसलं तर बाण न मारता गेम कमिशनला फोन करून जागा कळवा.