सायकल ट्रॅकवर ‘नो पार्किंग’चा बोर्ड नसेल, तर तिथे गाडी लावलेली चालते का?

तुम्ही विचारलंय की तुमच्या घराजवळच्या सायकल ट्रॅकवर रोज गाड्या लागलेल्या असतात आणि ‘नो पार्किंग’चा बोर्ड आसपास कुठेच नाही. मग त्या गाड्या नियमाविरुद्ध आहेत असं म्हणता येईल का, आणि म्हणता आलं तरी पुढे करायचं काय?

नियमाविरुद्धच आहेत, बोर्ड असो वा नसो. इतक्या ठामपणे सांगते, कारण हाच वाद मी रस्त्यात उभी राहून घातला आहे आणि तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी पुण्यात धनकवडीहून स्वारगेटला कामावर सायकलने जाते. २००६ च्या शेवटी कात्रज–स्वारगेट–हडपसर बीआरटी, म्हणजे राखीव मार्गावरून धावणारी बससेवा, सुरू झाली, तिच्यासोबत सातारा रस्त्याच्या कडेला सायकल ट्रॅकही आले. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी पद्मावतीच्या अलीकडे एक पांढरी चारचाकी डावी दोन्ही चाकं ट्रॅकवर चढवून उभी होती, पार्किंगचे दिवे लुकलुकत होते. माझ्या पुढे बारा-तेरा वर्षांची एक मुलगी होती, पाठीला दप्तर, कॅरियरला डबा. ती थांबली, मागे वळून पाहिलं, आणि सायकल कठड्यावरून खाली रस्त्यावर उतरवायला लागली. कठडा चांगला अर्धा फूट उंच. पेडल त्याला अडकलं, पुढचं चाक वळलं आणि ती एका पायावर रस्त्यात लंगडत गेली. मागून बस येत होती. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला, हॉर्न दिला. झालं काहीच नाही, फक्त डबा पडला आणि पोळीभाजी रस्त्यावर सांडली. तिने रिकामा डबा उचलला, गाडीला वळसा घालून वीसेक पावलं सायकल ढकलत नेली आणि पुन्हा ट्रॅकवर चढली. एकदाही मान वर करून गाडीकडे पाहिलं नाही. तिच्यासाठी ते रोजचंच असावं.

गाडीत एक गृहस्थ पोहे खात बसले होते. मी काचेवर टकटक केलं. “दादा, हा सायकल ट्रॅक आहे.” ते उर्मटपणे बोलले नाहीत, हे सांगायला हवं. म्हणाले, “काकू, नो पार्किंगचा बोर्ड कुठाय? दाखवा, आत्ता काढतो.” दाखवायला बोर्ड नव्हता. मी पुढे निघाले.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी टेप लावून मोजलं. ट्रॅक १७० सेंटिमीटर रुंद. गाडीने व्यापलेली जागा, चाकांच्या खुणांवरून, साधारण ११५. उरले ५५. माझ्या सायकलचं हँडल ६२ सेंटिमीटरचं आहे. म्हणजे “बाजूने जा की, जागा आहे” असं जे आपल्याला ऐकवलं जातं, ते सात सेंटिमीटरने खोटं ठरतं.

मग नियम शोधून वाचले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११८ खाली केंद्र सरकारने जून २०१७ मध्ये ‘मोटर व्हेइकल्स (ड्रायव्हिंग) रेग्युलेशन्स’ काढले. गाडी कुठे उभी करायची नाही याची एक लांबलचक यादी त्यांत आहे. त्या यादीत फुटपाथ, सायकल ट्रॅक आणि पादचाऱ्यांचं क्रॉसिंग ही तीन नावं एका ओळीत येतात. बोर्ड लावून जिथे मनाई केली आहे त्या जागा यादीत वेगळ्या आहेत. सायकल ट्रॅकवरची मनाई बोर्डातून येत नाही, ती त्या जागेचीच आहे. झेब्रा क्रॉसिंगवर गाडी लावून “बोर्ड कुठाय” असं कुणी विचारत नाही, अगदी तसंच.

यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्याआधी १९८९ चे ‘रूल्स ऑफ द रोड’ लागू होते. सायकल ट्रॅकवरून मोटार चालवायला त्यांतही मनाई होती, गणवेशातल्या पोलिसाने परवानगी दिली तरच मुभा. पण पार्किंगच्या यादीत फुटपाथ होता, सायकल ट्रॅक हा शब्द नव्हता. चालवत जायचं नाही, पण उभी करण्याबद्दल स्पष्ट काही नाही, अशी ती विचित्र फट होती. ती २०१७ मध्ये बुजली. ही बातमी आपल्यापर्यंत पोचलीच नाही, म्हणून आजही सगळे बोर्डच शोधत बसतात.

बोर्डाची गरज नाही, पण ट्रॅक हा ट्रॅक म्हणून ओळखू यायला मात्र हवा. रंग उडालेला, पेव्हर ब्लॉक बदलताना मधला पट्टा फुटपाथसारखाच करून टाकलेला, जमिनीवरचं सायकलचं चित्र पुसलेलं, अशा ठिकाणी गाडीवाल्याच्या म्हणण्याला थोडंफार बळ येतं. म्हणून महापालिकेकडे मागायचंच असेल तर ‘नो पार्किंग’चा बोर्ड मागू नका. निळ्या गोलात पांढरी सायकल असलेलं सायकल ट्रॅकचं चिन्ह आणि जमिनीवरचा रंग मागा. ‘नो पार्किंग’चा बोर्ड मागितलात की जिथे बोर्ड नाही तिथे चालतं, हे आपणच कबूल केल्यासारखं होतं.

दंडाचं म्हणाल तर, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ मध्ये पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी १५०० रुपयांपर्यंत दंड आहे. महाराष्ट्रात ही वाढ डिसेंबर २०२१ पासून लागू झाली. त्याच दुरुस्तीत १७७-अ हे कलम आलं. कलम ११८ खालचे नियम मोडल्यास ५०० ते १००० रुपये दंड, असं ते सांगतं. शिवाय कलम १२७ आहे, आणि माझ्या मते खरा दात तिथे आहे. पार्किंगला कायद्याने मनाई असलेल्या जागी गाडी उभी असेल तर ती टोइंग करून नेण्याचे किंवा तिला जॅमर लावण्याचे आदेश गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो. बेवारस सोडलेल्या गाडीसाठी त्याच कलमात दहा तासांची अट आहे, पण मनाईच्या जागेला ती लागू नाही. गाडीमुळे कुणाला धोका किंवा अडथळा होत असेल तर कलम १२२ ही आहे. आणि सार्वजनिक वाटेत अडथळा केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम २८५, ज्यात दंड ५००० रुपयांपर्यंत जातो. जुन्या आयपीसीत याच गुन्ह्याला २०० रुपये होते.

आता “दोनच मिनिटं” याबद्दल. मला वाटतं, सगळ्यात जास्त जागा या दोन शब्दांनी खाल्ली आहे. जर्मनीने यातून जे शिकून घेतलं ते सांगण्यासारखं आहे. तिथे रस्त्यावर तुटक रेघेने आखलेल्या सायकल पट्ट्यावर पार्किंगला मनाई होती, पण तीन मिनिटांपर्यंत थांबायला चालत असे. परिणाम असा की पार्सल टाकणारा, बेकरीत शिरलेला, मुलाला सोडायला आलेला, प्रत्येकाची तीन मिनिटं कधी संपतच नसत. सायकलवाल्याच्या दृष्टीने पट्टा सतत अडलेला, कारण एक गेला की दुसरा येतो. शेवटी एप्रिल २०२० मध्ये त्यांनी त्या पट्ट्यावर नुसतं थांबायलाही बंदी केली. नोव्हेंबर २०२१ पासून सायकलमार्गावर गाडी लावली तर ५५ युरो दंड आहे. कुणाची वाट अडली तर ७० युरो आणि लायसन्सवर एक पॉइंट, आणि असे आठ पॉइंट जमले की लायसन्स जातं. मला यातली दंडाची रक्कम तितकी महत्त्वाची वाटत नाही. रिकाम्या ट्रॅकवर उभी असलेली गाडी आणि कुणाला तरी रस्त्यावर उतरायला लावणारी गाडी यांत त्यांनी कायद्यातच फरक केला, ते मला पटतं. त्या मुलीचा डबा सांडला तो दुसऱ्या प्रकारात मोडतो.

तुमच्या मनात कदाचित असंही असेल की दंड वगैरे सोडा, सरळ खांब रोवून टाका ना. बोलार्डने चारचाकी थांबते, हे खरं. पण व्हीलचेअर जायला दोन खांबांमध्ये साधारण १२० सेंटिमीटर अंतर ठेवावं लागतं, आणि तेवढ्यातून स्कूटर आरामात आत येते. पुण्यात सायकल ट्रॅक खाल्ला तो दुचाकींनी जास्त. एक लागली की तिच्या शेजारी दुसरी, दहा वाजेपर्यंत रांग. त्या लोकांना मी सरसकट बेपर्वा म्हणणार नाही. त्यातले कितीतरी जण त्याच रस्त्यावरच्या दुकानांत कामाला असतात आणि दुचाकी लावायला दुसरी जागा आखलेलीच नसते. २०१७ मध्ये पुण्याचा सायकल आराखडा मंजूर झाला, २०१८ मध्ये पार्किंग धोरणही मंजूर झालं, ते सुद्धा ठरावीक पाच रस्त्यांपुरतं, आणि पैसे देऊन गाडी लावायची ही गोष्ट कित्येक वर्षं पुढे सरकलीच नाही. रस्त्यावरची जागा फुकट आहे तोवर ती भरणार, आणि भरली की पुढची गाडी ट्रॅकवर चढणार. सायकल ट्रॅकचं भवितव्य पार्किंगच्या धोरणाला बांधलेलं आहे. नुसते ट्रॅक बांधणाऱ्यांना हे कुणीतरी सतत सांगायला हवं.

आखणीतली आणखी एक चूक इथे नोंदवते, कारण ती नियम पाळणाऱ्या गाडीमुळेही घडते. पार्किंगची जागा आणि ट्रॅक अगदी चिकटून असतील तर डाव्या बाजूला बसलेला माणूस दार उघडतो ते थेट ट्रॅकमध्ये. गाडी आखलेल्या चौकोनात बरोबर लावलेली असते आणि तरी सायकलवाला दारावर आदळतो. मध्ये किमान दारापुरती मोकळी पट्टी लागतेच. तुमच्या भागात नवा ट्रॅक होणार असेल तर काम सुरू होण्याआधीच ही पट्टी मागून घ्या, नंतर कुणी देत नाही.

आता तक्रारीचं. माझी पहिली तक्रार अगदीच कच्ची होती. गाडीचा नंबर स्पष्ट दिसेल असा जवळून फोटो काढला होता, त्यात फक्त गाडीचं मागचं बंपर होतं. ती कुठे उभी आहे, ट्रॅकवर आहे की रस्त्यावर, हे फोटोवरून कळायला मार्ग नव्हता. आता मी दहा-बारा फूट मागे जाऊन काढते. नंबरप्लेट, ट्रॅकचा रंग किंवा जमिनीवरची सायकल, आणि दुकानाची पाटी किंवा विजेच्या खांबाचा नंबर, हे सगळं एका चौकटीत आलं पाहिजे. तारीख-वेळ फोटोवरच उमटेल असं फोनमध्ये लावून घ्या. तक्रारीत ‘नो पार्किंग’ हा शब्द वापरू नका. ‘सायकल ट्रॅकवर उभे वाहन, मोटर व्हेइकल्स (ड्रायव्हिंग) रेग्युलेशन्स २०१७ नुसार मनाई’ असं लिहा. तक्रार वाचणारा माणूसही बोर्ड शोधायच्या सवयीचा असतो, त्याला योग्य खिडकी आपणच दाखवून द्यायची.

फोटो काढणं चुकीचं आहे असं तुम्हाला कुणी धमकावेल. मलाही धमकावलंय. जर्मनीत हाच मुद्दा कोर्टापर्यंत गेला होता. बव्हेरियात चुकीच्या जागी लावलेल्या गाड्यांचे फोटो पोलिसांना पाठवणाऱ्यांना डेटा संरक्षण खात्याने ताकीद दिली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये आन्सबाखच्या प्रशासकीय न्यायालयाने सांगितलं की असे फोटो पोलिसांना पाठवण्यात गैर काही नाही. इतकं कडक खासगीपण जपणाऱ्या देशात हा निकाल लागला. आपणही फोटो फक्त यंत्रणेला पाठवावा, लोकांच्या ग्रुपवर नंबरप्लेटसकट टाकत बसू नये. त्याने भांडणं होतात, ट्रॅक मोकळा होत नाही.

आणि कुणाकडे काय मागायचं ते नीट वेगळं ठेवा. गाडी असेल तर वाहतूक शाखा. हातगाडी, टपरी, दुकानाबाहेर मांडलेला माल असेल तर महापालिकेचा अतिक्रमण विभाग. फुटलेला ट्रॅक, उडालेला रंग, नसलेलं चिन्ह असेल तर पथ विभाग. तिन्ही गोष्टी एकाच तक्रारीत घातल्या की ती या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते.

एकच गाडी रोज त्याच जागी दिसत असेल तर तीन दिवसांचे तीन फोटो एकत्र जोडून पाठवू नका. प्रत्येक दिवसाची तक्रार वेगळी नोंदवा. ५०० चे १५०० होतात ते दुसऱ्या गुन्ह्याला, आणि दुसरा गुन्हा म्हणून धरायचा तर पहिला आधी वेगळा नोंदलेला असावा लागतो.