ब्लॅक घोस्ट घ्यायचा विचार करताय?

आधी टँक बघा, मासा नंतर. दुकानात बोटाएवढा दिसणारा हा ॲमेझॉन खोऱ्यातला मासा निसर्गात 50 सेंटिमीटरपर्यंत वाढतो. 400 लिटरच्या आत मी तरी ठेवू देणार नाही. अंगावरचे खवले अगदी बारीक असतात; तांबं असलेली औषधं टाळाच.

शेपटीतल्या अवयवातून तो सेकंदाला साधारण 1000 वेळा क्षीण विद्युत लहरी सोडतो. (हात घाला खुशाल, झटका बसत नाही.) दगड, झाड, अळी जवळ आली की अंगाभोवतीचं विद्युत क्षेत्र जरासं बदलतं आणि कातडीतले संवेदक ते टिपतात. म्हणून तर मिट्ट काळोखात तो मागच्या मागे पोहत, कुठेही न धडकता लपायच्या नळीत शिरतो. शरीर ताठ, पोटाखालचा लांबलचक पर तेवढा लहरत असतो. बघत राहावं असं आहे ते.

लपायला नळी हवीच, तळाला बारीक वाळू. जोडीला दुसरा ब्लॅक घोस्ट नको, भांडतात. खाणं दिवे मालवल्यावर द्या. गोठवलेले ब्लडवर्म (बारीक लाल अळ्या) आवडीने खातो. आडवा पडलेला दिसला तर लगेच घाबरू नका, तशी विश्रांती घ्यायची त्याची खोडच आहे. नियॉन टेट्रासारखे चिमुकले मासे मात्र सोबत सोडू नका. सकाळी मोजायला उरणार नाहीत.